वाघाहून मोठा मुंगळा

डोमाजी मास्तर वर्गाकडे पाठ करून शिकवत. शिक्षणशास्त्र कोळून प्यालेल्या माणसांना हे सांगितलं की ते कीव केल्यासारखं हसतात. हसू द्या. मीही हसलो होतो, आणि मी तर प्रमाणपत्र घेऊन हसलो होतो.

मुरमटोल्याच्या शाळेत हेडमास्तर म्हणून रुजू झालो तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. आताचे चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे तेव्हा मिळून एकच चांदा जिल्हा होता. आरमोरीहून सकाळी बैलबंडी जुंपली की दिवस मावळायला मुरमटोला यायचा. अर्धं गाव धान पिकवणाऱ्यांचं, अर्धं गोंडांचं. शाळेला खोल्या दोन, वर्ग चार आणि मास्तरही दोन. वरचे तीन वर्ग माझ्याकडे, पहिली डोमाजी मास्तरांकडे. त्याच सुमारास आमचा मुलूख एका राज्यातून उचलून दुसऱ्या राज्यात ठेवला म्हणे. शाळेच्या छपराला मात्र कुणी हात लावला नाही. ते आपलं आपणच खाली येत होतं.

पहिल्याच दिवशी मास्तरांनी पोरांना माझी ओळख करून दिली. "हे नवे गुरुजी. नाव वामनराव. चाला, त्यातला 'वा' काढून टाका. का उरलं?"

"मनराव!" पंचवीस पोरं एका सुरात ओरडली.

झालं. तेव्हापासून अख्ख्या गावाचा मी मनराव गुरुजी. ट्रेनिंगमध्ये पहिला आलेला माणूस मी. माझ्या नावाचं डोकं उडवून पोरं खिदळतायत आणि हे गृहस्थ शाबासकी देतायत! मी मनात म्हटलं, ठीक आहे, महिन्याभरात सरळ करतो यांना.

मास्तर पन्नाशीचे, किडकिडीत. कानाच्या पाळ्या लांब आणि कानात केस. बोटं कधी स्वस्थ नसत. टेबल असो, खांब असो, स्वतःचा गुडघा असो, जे हाताखाली येईल त्यावर ठेका. शिक्षण सातवी पास. ट्रेनिंगच्या नावानं शून्य. सुगीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव दंडार होते, नाचगाण्याचा खेळ. त्यात मास्तर तरुणपणी ढोलकी वाजवायचे. खेळातली माणसं निरक्षर. त्यांच्याकडून गाणी बसवून घेता घेता मास्तरांना शब्द फोडायची सवय लागली, आणि तीच सवय घेऊन ते शाळेत आले. आले ते हंगामी म्हणून. नऊ वर्षं झाली तरी हंगामीच होते. त्यांच्या बायकोला, तुळसाबाईला, मी एकदा विचारलं, मास्तर कायम कधी होणार? ती सूप पाखडत म्हणाली, "कायम तं झाले न जी. त्याइची बडबड कायम झाली. नोकरीचं मले माहीत नाई."

त्या वर्षी मात्र निकाल लागायचा होता. शाळा तपासायला डिप्टीसाहेब येणार होते. त्यांनी चांगला शेरा दिला तर मास्तर कायम. नाही तर घरी. ट्रेन झालेली माणसं आता मिळू लागली होती ना. म्हणजे माझ्यासारखी रत्नं.

मास्तरांना स्वतःची चिंता कमी आणि पहिलीची जास्त. "मधातच काढलं तं या पोट्ट्याइचं कसं होईन?" ते म्हणायचे. "कान उघडून ठेवले मी. अक्षर कोन देईन?"

कान उघडायचे म्हणजे काय, ते ऐका. जूनपासून दिवाळीपर्यंत पहिलीच्या पोराला मास्तर पाटीला हात लावू देत नसत. नुसतं ऐकायचं. हजेरी घ्यायची तर नाव न घेता फक्त "म्म्म" करायचे; ज्यांचं नाव त्या आवाजानं सुरू होतं ती पोरं उभी. मग म्हणायचे, "आता ज्याच्या नावाच्या आखरीले 'रू' येते थे उभे राहा." मंगरू दोन्हीकडे उभा राहायचा आणि स्वतःला पाटलापेक्षा मोठा समजायचा. कधी प्रत्येकाच्या तळहातावर सावरीच्या कापसाचा पुंजका. "'प' म्हन. हालला का कापूस? नाई न? आता 'फ' म्हन." फुर्र! वर्गभर कापूस उडायचा आणि शेजारच्या खोलीत चौथीच्या पोरांना मी भागाकार शिकवत असायचो. काय शिकणार ती कपाळ!

चिचोके होतेच. शब्द सांगायचा आणि त्यात जितके तुकडे ऐकू येतील तितके चिचोके जमिनीवर मांडायचे. कोंबडा म्हटलं की तीन. आंबा म्हटलं की दोन. गोंडांच्या पोरांना मराठी धड येत नसे, तर मास्तर त्यांचेच शब्द घ्यायचे. पाण्याला गोंडीत येर म्हणतात. "ये, र. मांड दोन." मी म्हटलं, अहो, शाळा मराठी आहे. ते म्हणाले, "आवाज कोनत्या जातीचा आहे जी?"

पुस्तकात हे नव्हतं.

पाठ करून बसण्याचंही कारण मी विचारलं. म्हणाले, "पोट्ट्याचं तोंड पाह्यलं का मले वाटते त्याले येते. मान बराबर हालवते लबाड. आवाजात लबाडी नाई होत." आणि तेवढ्यात भिंतीकडे बघत, "सोमा, तिले चिमटा काऊन काढून राह्यला बे?" सोमा गार.

आता मुंगळ्याचं सांगतो, कारण सगळं रामायण त्या मुंगळ्यानं केलं.

मास्तरांचा दरवर्षीचा पहिला धडा ठरलेला. "वाघ मोठा का मुंगळा?" पोरं अर्थातच "वाघ!" म्हणायची. मग मास्तर म्हणायचे, "डोळे मिटा. डोळ्यानं नोका सांगू, कानानं सांगा. वा, घ. किती चिचोके? दोन. मुं, ग, ळा. किती? तीन. मंग मोठा कोन?" पोरं अडखळायची, एकमेकांकडे बघायची आणि मग एखादं पोर हळूच म्हणायचं, "मुंगळा?" मास्तर इतके खूश व्हायचे की ठेका धरायचे. त्यांचं म्हणणं असं, की लहान पोर शब्द ऐकतच नाही, शब्दामागची वस्तू बघतं. ज्या दिवशी त्याला वाघापेक्षा मुंगळा मोठा ऐकू येतो त्या दिवसापासून त्याला वाचायला शिकवता येतं. ट्रेनिंगमध्ये दोन वर्षं घासून मला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिथं मला खडू कसा धरावा ते सांगितलं होतं.

पण गाव पडलं जंगलात. दर चार महिन्यांनी कुणाचा तरी गोऱ्हा वाघ नेतो. अशा गावात पाटलाचा नातू घरी जाऊन म्हणाला, "आजा, वाघ लहान असते. मुंगळा मोठा असते. मास्तरनं सांगतलं." त्याच्या आईनं कपाळावर हात मारून घेतला. पोरगं उद्या वाघाला दगड मारायला जाईल! पाटील तरातरा शाळेत आला.

"मास्तर, दोन महिने झाले. पोट्ट्याच्या पाटीवर एक रेघ नाई. वरून हे का शिकवून राह्यले तुमी?"

मास्तर म्हणाले, "पाटीलभाऊ, बसा. मले सांगा, नांगर किती?"

"दोन आहेत माह्या घरी."

"तसं नाई भाऊ. बोलताना नांगरचे तुकडे किती होते?"

पाटील चपापला. "मोडला का कोनी?"

पोरं जी हसली! पाटलाचा नातू सर्वांत जास्त हसला, आणि पाटील जाताना मला म्हणाला, "मनराव गुरुजी, तुमी शिकलेले मानूस. या बह्याडाले आवरा."

आवरायला मी तयारच होतो. मी तोडगा काढला. पहिलीची निम्मी पोरं माझ्याकडे घेतली. तपासणीच्या वेळी निदान अर्धा वर्ग तरी वाचणारा असला म्हणजे मास्तरांची नोकरी वाचेल, असा माझा उदात्त हेतू. खरं सांगू? मला माझी पद्धत दाखवायची होती. चित्र दाखवा, अक्षर दाखवा, घोकून घ्या. ग गणपतीचा. न नळाचा. मुरमटोल्याला सर्वांत जवळचा नळ दोन मुक्काम लांब होता, पण पुस्तकात नळ आहे म्हटल्यावर नळ. दीड महिन्यात माझ्या बारा पोरांचं अख्खं पुस्तक तोंडपाठ झालं. मी मास्तरांना बोलावून ऐकवलं. ते शेवटपर्यंत भिंतीकडे बघत ऐकत राहिले आणि म्हणाले, "मस्त गाते जी तुमचे पोट्टे."

मला ती स्तुती वाटली. इतका मी शहाणा.

दिवाळीनंतर मास्तरांनी आपल्या तेरा पोरांना अक्षरं द्यायला सुरुवात केली. हा जो आवाज तू इतके दिवस काढत होतास, त्याचं हे चित्र. एवढंच. धान कापून झालं, खळी उरकली आणि पौषात डिप्टीसाहेब आले. पाटलाकडे कोंबडा कापला गेला. साहेब भले माणूस होते, जेवून आल्यावर तर फारच भले.

आधी माझी बारा पोरं. गणू नावाच्या पोरानं पुस्तक उघडलं आणि धडाधडा धडा म्हणायला लागला. त्याच्या हातात पुस्तक उलटं होतं. ते मला दिसलं. साहेबांनाही दिसलं. त्यांनी प्रेमानं पुस्तक सरळ करून दिलं; तोवर गणू थांबला नव्हता आणि पुस्तक सरळ झाल्यावरही थांबला नाही. सरळ करताना पान बदललं, तरीही नाही. साहेबांनी शेरेबुकात लिहिलं, "वाचन अस्खलित."

मग मास्तरांचा वर्ग. साहेब आत शिरले तर मास्तर पाठमोरे.

"हे काय? वर्गाकडे पाठ?"

"आयकून राह्यलो जी," मास्तर उठून म्हणाले.

साहेबांनी पुढच्या रांगेतल्या बुधीला उभं केलं. गोंडांची पोर, मोठ्या डोळ्यांची, काटकुळी. घरी तिच्या मराठी बोलणारं कुणी नाही.

"ग कुणाचा?"

बुधीनं इकडं तिकडं बघितलं. "कोनाचाच नाई जी. तो आवाज आहे."

साहेबांच्या भुवया चढल्या. त्यांनी पुस्तक पुढे केलं. पोर बोट ठेवून, एकेक आवाज चिकटवत वाचायला लागली. "न... ळ. नळ." आणि थांबली. "नळ म्हंजे का जी?"

"वाचता येत नाही," साहेब म्हणाले.

अहो, तिनं वाचलं होतं! त्या दिवशी त्या शाळेत छापील अक्षरं बघून शब्द काढणारी ती पहिली पोर होती, आणि ते कळणारी माणसं खोलीत दोनच होती. एक मास्तर. दुसरा मी.

तेवढ्यात दारात उभ्या पाटलानं मुंगळ्याची तक्रार घातली. साहेबांना खरं वाटेना. त्यांनी वर्गालाच विचारलं, "काय रे, वाघ मोठा की मुंगळा?"

"मुंगळा!" तेरा पोरं, एक सूर. मास्तरांचा चेहरा अभिमानानं उजळला. समजावून सांगायला ते पुढे झाले, चिचोके शोधायला लागले, पण साहेबांनी हात वर केला आणि लेखणी उघडली. "विद्यार्थ्यांस प्राण्यांचे प्राथमिक ज्ञानही विपरीत दिले जाते." मग माझ्याकडे वळले. "हेडमास्तर, तुमचं मत?"

इथं माझं आयुष्यातलं सर्वांत सुबक वाक्य आहे. मी म्हणालो, "साहेबांच्या लक्षात आलंच आहे."

बस. एवढंच बोललो. खोटं एक अक्षर नाही त्यात, बघा. ट्रेनिंग वाया गेलं नव्हतं.

संध्याकाळी मास्तर माझ्या ओसरीवर आले. मला वाटलं शिव्या देतील. खरंच, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "जाऊ द्या जी. तुमचा आवाज बसला होता बोलताना. मी आयकलं न." आणि खांबावर बोटं वाजवत बसले.

पुढच्या दोन महिन्यांत त्या तेरा पोरांनी गावात उच्छाद मांडला. दिसेल ते वाचायची. काडेपेटी, पाटलाकडचं कॅलेंडर, बाजारातून आलेल्या पुड्यांचे कागद. जंगलाच्या वाटेवर एक पाटी होती. तिथला जंगलखात्याचा नाकेदार गावकऱ्यांना सांगायचा की पाटीवर लिहिलंय, लाकडाला हात लावायचा नाही; आणि वाळक्या काटक्यांच्या मोळीमागे एक कोंबडी घ्यायचा. एक दिवस बुधी बापाबरोबर गेली आणि पाटीसमोर उभी राहून आवाज जोडत बसली. "ओ... ली. ओली. ला... क... डे. ओली लाकडे तोडण्यास मनाई." बापाला मराठी कळत होती तेवढी पुरली. डोक्यावर वाळक्या काटक्या. नाकेदारासमोर त्यानं पोरीला ती पाटी पुन्हा वाचायला लावली. कोंबडी घरी राहिली.

मी हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी माझ्या बारा रत्नांना घेऊन त्याच पाटीपुढे गेलो. "वाचा." त्यांनी पाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि गणूनं सुरू केलं, "ग गणपतीचा..."

त्या संध्याकाळी मला स्वतःची इतकी लाज वाटली की जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी माझी बाराही पोरं मास्तरांच्या खोलीत पाठवून दिली. मास्तर "या रे" एवढंच म्हणाले. साहेबांना पत्र लिहायला मी तीनदा बसलो. शेरा चुकला आहे, माझं मत चुकलं आहे, असं लिहायचं होतं. तिन्ही वेळा कागद फाडला. मलाही नोकरी नवीनच होती ना. भित्रा माणूस कारणं फार चांगली शोधतो.

होळी झाली. मोहफुलं पडायला लागली, त्यामुळे पोरं फुलं वेचून उशिरा शाळेत यायची. अशा एका सकाळी कोतवालानं टपाल आणून दिलं. वरचा लिफाफा मास्तरांच्या नावचा, हेडमास्तरामार्फत. मी फोडला, वाचला आणि दोन खोल्यांच्या मधल्या दारात जाऊन उभा राहिलो. मास्तर पाठमोरेच होते.

"का आलं गुरुजी?"

"काही नाही. नंतर बोलू."

"कागद वाजला न जी." ते वळले. माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हात पुढे केला. मी कागद दिला. त्यांनी त्यावर नजर टाकली की नाही मला सांगता येणार नाही. त्यांनी तो बुधीपुढे धरला.

"घे. हाताचं लिवलेलं आहे. अजून तू हाताचं नाई वाचलं. वाच, घाई नोको करू."

"मास्तर, नको," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही. पाठ फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

बुधी उभी राहिली. कारकुनाचं वळण तिरपं होतं. तिनं कागद डोळ्यांजवळ नेला. "श्री. डो... मा... जी. डोमाजी. मास्तर, तुमचं नाव आहे जी!" सगळा वर्ग हसला. मास्तरही हसले. "पुढं वाच."

"तपा... सणीत. आपले. काम. अ... स... मा... असमाधान... असमाधानकारक. आढळले." ती दम खाऊन पुढच्या ओळीवर बोट ठेवत होती. "सबब. आपली. हंगामी. ने... म... णूक. नेमणूक." मग एक शब्द आला आणि ती अडली. "सं... पु..." मी तो शब्द सांगणार होतो, म्हणजे ते एकदाचं संपेल. मास्तरांनी न वळताच हात वर करून मला गप्प केलं. "तिले जमते. थांबा."

"सं... पु... ष्... टात. संपुष्टात!" ती आनंदानं म्हणाली. "संपुष्टात येत आहे. पहिलीचा. वर्ग. हे... ड... हेडमास्तरांनी. सांभाळावा."

तिनं खालची सहीसुद्धा सोडली नाही. वाचून झालं तशी कागद छातीशी धरून उभी राहिली, शाबासकीची वाट बघत.

मास्तर उठले. डोळे ओले होते, आणि चेहरा इतका खूश की मला बघवेना. माझ्याजवळ आले. "पाह्यलं न गुरुजी? एकबी आवाज गाळला नाई पोरीनं. हाताचं लिवलेलं, पयल्या खेपेले!"

मी मान हलवली. त्यांनी खुंटीवरची टोपी घेतली, डोक्यावर ठेवली, दाराशी गेले.

"मास्तर," बुधी मागून म्हणाली, "संपुष्टात म्हंजे का जी?"

ते उंबऱ्यावर थांबले. वळले नाहीत. "वाचता आलं न तुले? बस झालं. अर्थ गुरुजी सांगतीन," ते म्हणाले आणि उतरून मोहाच्या झाडांकडच्या वाटेला लागले.

पंचवीस पोरं माझ्याकडे बघत होती.